लेनी ब्रूस यांचा रंगमंच कोणी हिरावला?

प्रश्न: अमेरिकी विनोदकार लेनी ब्रूस यांनी फेब्रुवारी १९६१ मध्ये कार्नेगी हॉल गाजवला आणि ऑगस्ट १९६६ मध्ये, वयाच्या अवघ्या ४०व्या वर्षी, अमली पदार्थाच्या अतिसेवनाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कारकीर्द खटल्यांनी संपवली की व्यसनाने?

उत्तर १: माझ्या मते खटल्यांनी. सॅन फ्रान्सिस्कोत १९६१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपाखाली अटक झाल्यावर ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. परंतु न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९६४ मध्ये, अनेक नामवंत लेखकांनी जाहीर पाठिंबा दिलेला असतानाही, त्यांना चार महिन्यांची शिक्षा सुनावली. ज्या कलावंतामुळे क्लबच्या मालकावरही खटला भरला जातो, त्याला पुन्हा बोलावण्यास कोण धजावणार?

उत्तर २: सहमत आहे, तरी एक गोष्ट जोडतो. धर्म, वंशभेद आणि लैंगिकता यांविषयीच्या समाजाच्या दांभिकतेवर बोट ठेवणारे ब्रूस पुढे प्रयोगांत आपल्याच खटल्यांची कागदपत्रे वाचून दाखवू लागले. त्यांनी वकिलांनाही दूर केले, आणि मला हे फार वेदनादायक वाटते, कारण न्यूयॉर्कच्या त्याच खटल्यातील क्लबमालकाची शिक्षा पुढे अपिलात रद्द झाली.

उत्तर ३: व्यसनाची भूमिका नाकारता येत नाही, पण काम हिरावणारा कायदाच होता. राज्यपाल जॉर्ज पटाकी यांनी २००३ मध्ये ब्रूस यांना मरणोत्तर माफी दिली. न्यूयॉर्क राज्याच्या इतिहासातील ही पहिलीच मरणोत्तर माफी होती.