म्युनिकला आल्यापासून चित्रच सुचत नाहीये, कोणाला असा अनुभव?

कुंचला_कोल्हापुरी
नमस्कार मंडळी. मी इलस्ट्रेटर, पुण्यात एका एजन्सीत होते, नवऱ्याला ब्लू कार्ड (इथला नोकरीचा परवाना) मिळालं म्हणून म्युनिकला आलो. निघताना जो तो म्हणत होता, मजा आहे बाई तुझी, युरोपात जिकडे बघशील तिकडे चित्रच चित्र, आणि मलाही तसंच वाटलेलं. प्रत्यक्षात वही उघडली की तेच ते, फ्राउएनकिर्श चर्चचे दोन घुमट, इझार नदी, पानगळ. सगळं छान छान, बँकेच्या कॅलेंडरवर शोभेल असं. वैतागून रंकाळा काढायला बसले तर तो फोटो बघून काढल्यासारखा झाला, होणारच, फोटो बघूनच काढला होता. त्यात डिसेंबरात साडेचारच्या आत अंधार. पुण्यात दोन डेडलाइनच्या मधे रिक्षात बसून बिलाच्या मागे जे सुचायचं ते इथे अख्खा दिवस मोकळा असून सुचत नाही. कोणी बाहेर जाऊन खरंच काही वेगळं केलंय का? की गाव बदललं की माणूस बहरतो वगैरे नुसत्या गप्पा?

वऱ्हाडी_बाणा
ताई, घाई कायले करता. आमच्या अकोल्याचे चित्रकार अंबादास घ्या, १९७२ ला नॉर्वेले गेले, २०१२ ला ओस्लोतच वारले. एवढी वर्षं तिथं राहिले पण त्यांच्या चित्रात बर्फ न् फ्योर्ड शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही, तेच वळवळत जाणारे रंगाचे जाड पट्टे, जे इथं असतानाच सुरू झाले होते. आणि चित्रकार रझा? १९५० ला पॅरिसले गेले, आधी तुमच्यासारखंच तिथली गावं, घरं, चर्च काढली. तो त्यांचा बिंदू, म्हणजे चित्रातला तो मोठा गोल, ठळकपणे यायले जवळपास ३० वर्षं गेली आणि तोही कुठला, तर मध्य प्रदेशातल्या शाळेत मास्तरांनी लक्ष लागावं म्हणून भिंतीवर काढून दिलेला ठिपका, असं ते स्वतः सांगत. तुम्ही तर एक हिवाळा पाहून हिशोब मांडून राहिल्या.

पेठेत_परत
३० वर्षं थांबा हा सल्ला भारी आहे हो, तोवर हिचं परमिट संपेल 😄

मी कॅलिफोर्नियात एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो) होते, आता पुण्यात परत. कामाची परवानगी नव्हती, म्हणजे चित्र विकायचा प्रश्नच नाही, आणि खरं सांगू, तेच पथ्यावर पडलं. इथे असताना मी काहीही काढलं की आधी डोक्यात यायचं, हे इन्स्टावर चालेल का, मावशी काय म्हणेल, क्लायंटला दाखवता येईल का. तिकडे मला कुत्रं विचारत नव्हतं. कम्युनिटी सेंटरमधे लाइफ ड्रॉइंगला, म्हणजे समोरच्या नग्न मॉडेलचं चित्र काढायला, जायचे, मॉडेल म्हणजे सत्तरीचे एक आजोबा, पोट सुटलेलं, गुडघ्यावर ऑपरेशनचा व्रण, दोन-दोन मिनिटांच्या पोझ. पहिल्या दिवशी मान वर करून बघायचीच लाज वाटली, दोन मिनिटं संपली तेव्हा कागदावर फक्त एक खांदा होता. पण दोन मिनिटांत सुंदर वगैरे काढायला वेळच नसतो, जे दिसतं ते ओढत सुटायचं, शेजारी कोण बसलंय ते मला माहीत नाही आणि मी कोण ते त्याला. मला वाटतं देशाचा संबंध कमी आणि ओळखीचे डोळे आजूबाजूला नसण्याचा जास्त. तू वही कोणाला दाखवतेस का गं? दाखवत असशील तर बंद कर काही दिवस. पर्सनल ग्रोथ वगैरे मला नाही कळत, पण एकटीने अनोळखी खोलीत शिरायची भीती गेली एवढं नक्की.

बर्लिनवाला_बंड्या
सुचण्याबद्दल मी काही बोलत नाही, मी आपला कोडिंगवाला. पण कागदपत्रांचं बघून ठेव. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला/नवऱ्याला कुठलंही काम करता येतं, फ्रीलान्ससुद्धा, तुझ्या परमिटवर तसं लिहिलेलं असेल. फिनान्सआम्टला (टॅक्स ऑफिस) एल्स्टर या त्यांच्या वेबसाइटवरून फॉर्म भरायचा की टॅक्स नंबर येतो, मग बिल करता येतं. आणि चित्रांतून कमाई सुरू झाली की क्युन्स्टलरसोत्सियालकासे (कलाकारांसाठीचा विमा फंड) बघ, १९८३ पासून चालू आहे, कलाकाराच्या हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचा जवळपास अर्धा हप्ता ते उचलतात. वर्षाला ३९०० युरोच्या वर कमाई लागते, पण सुरुवातीच्या ३ वर्षांत ही अट लावत नाहीत. माझ्या बायकोने केलंय, फॉर्म भरताना रडकुंडीला आली होती पण झालं.

काचेचं_घर
म्युनिकमधे आहेस आणि मुर्नाऊ गावाला गेली नाहीस? गार्मिशच्या लोकलने तासाभरात. १९०८ ला गाब्रिएले म्युंटर आणि कांदिन्स्की हे चित्रकार तिथे आले आणि म्युंटरने तिथल्या एका काचचित्रकाराकडे बसून खेडुतांची उलटी काचचित्रं शिकून घेतली. म्हणजे काचेच्या मागच्या बाजूने रंगवायचं, सगळा क्रम उलटा, आधी काळी रेघ आणि डोळ्यातला ठिपका, मग कपडे, आकाश सगळ्यात शेवटी, आणि डावं-उजवं पण उलट. एकदा रंग बसला की बारकाव्याला परत हात लावता येत नाही. शिकलेली चित्रकार, पण गावातल्या देवदेवतांच्या, म्हणजे संतांच्या, काचा बघून तिची रेघच जाड आणि साधी झाली. पुढे नाझी काळात हीच बाई कांदिन्स्कीची चित्रं घराच्या तळघरात लपवून बसली आणि १९५७ ला सगळी म्युनिकच्या लेनबाखहाउस म्युझियमला देऊन टाकली.

आता गंमत म्हणजे तू पुण्याची असून केळकर म्युझियममधली काचेवरची चित्रं पाहिली असशीलच, पेशवाईच्या सुमाराची तीच पद्धत. मी औंधात वाढलो, दहादा त्या म्युझियममधे गेलो असेन, त्या काचांसमोर कधी थांबलो नाही, ते मुर्नाऊत जाऊन आल्यावर थांबलो.

कुंचला_कोल्हापुरी
केळकरला शाळेच्या सहलीत गेलेले, मस्तानी महाल आठवतो, काचा नाही 🙈 वही नवऱ्याला रोज दाखवते, आणि तो रोज "मस्त" म्हणतो. बंद. बंड्या, फॉर्म भरताना पिंग करते. आकाश शेवटी रंगवायचं हे मात्र डोक्यात बसलंय, मी कायम आकाशापासून सुरू करते. मुर्नाऊचं म्युंटर घर कधी उघडं असतं? आणि काच कुठली घ्यायची?

काचेचं_घर
दुपारीच उघडतं, सोमवारी बंद. त्याआधी वर किल्ल्यातलं म्युझियम कर, तिथे जुन्या काचा भरपूर आहेत. काच म्हणशील तर स्वस्तातल्या फोटोफ्रेमची काढून घे, स्पिरिटने पूस नाहीतर रंग सुटतो, ॲक्रिलिक चालतं. कडा कापतात, सँडपेपर मारून घे आधी.