महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी आणि उरलेले अकरा जण

खडूस_सुपरवायझर

कालच्या 'प्रेरित टीमचे सात मंत्र' या पोस्टखाली प्रतिसाद लिहायला बसलो, तो लांबत गेला म्हणून वेगळा धागा. ज्यांनी ती पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी निवडा, शुक्रवारी चार वाजता तासभर खेळ घ्या, चांगल्या कामाला पॉइंट द्या, वर्षातून एकदा एंगेजमेंट सर्व्हे (कामात मन किती लागतं याची प्रश्नावली) करा. उरलेले तीन मंत्र म्हणजे टाळ्या, पोस्टर आणि पुन्हा टाळ्या.

सातांपैकी एकही मंत्र प्रत्यक्ष कामाबद्दल नाही, हे कुणाच्या लक्षात आलं का?

हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाने १९५९ सालीच दोन खाती वेगळी केली होती. पगार, वरिष्ठांची वागणूक, कंपनीचे नियम, बसायची जागा हे बिघडलं की माणूस वैतागतो. सुधारलं की वैताग जातो, बस. कामात जीव ओततो तो कामामुळेच: काहीतरी तडीस नेल्याचं समाधान, जबाबदारी, कामाचं स्वरूप. व्यवस्थापनाच्या पहिल्याच वर्षी सगळे हे घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

'महिन्याचा सर्वोत्तम' घ्या. बारा जणांची टीम. पहिल्या महिन्यात जो खरंच उठून दिसतो त्याला मिळतं. दुसऱ्या महिन्यातही तोच पुढे असतो, पण 'लागोपाठ दोनदा नको' असा नियम निघतो. चौथ्या महिन्यापासून पाळी लागते. आठव्या महिन्यात ज्याचा फोटो भिंतीवर चढतो, त्यालाही ठाऊक असतं की आपला नंबर आला म्हणून आपण. आणि जो वेळच्या वेळी फिल्टर बदलून मशीन बंद पडूच देत नाही, तो कधीच दिसत नाही. मशीन बंद पडल्यावर रात्रभर जागून सुरू करणारा हिरो ठरतो. बऱ्याचदा फिल्टर बदलायचा विसरलेला तोच असतो.

त्यापेक्षा दर आठवड्याला एकच विचारा: काम कुठे अडलं? उत्तरांचे तीन ढीग करा. माझ्या हातातलं, वरून मंजुरी लागणारं, आणि न होणारं. पहिल्या ढिगातलं एक तरी पंधरा दिवसांत निपटवा. तिसऱ्या ढिगासमोर कारण लिहा. याला ना बजेट लागतं ना पोस्टर.

एचआरवाली

वा! हर्झबर्ग अर्धा वाचून धागा काढला वाटतं. त्याच्या प्रेरक घटकांच्या यादीत 'कौतुक' दुसऱ्या क्रमांकावर आहे. तुम्ही यादी सांगताना नेमकं तेच गाळलंत. टाळ्या फालतू नाहीत, फालतू आहे ती टाळ्यांची पद्धत. 'छान काम केलंस' याला कौतुक म्हणत नाहीत. नेमकं काय केलं, त्याने कुणाचं काय वाचलं, आणि हे दोन-तीन दिवसांच्या आत, ज्याने काम पाहिलंय त्याच्या तोंडून. 'तू वायरिंगचा आराखडा आधीच तपासलास म्हणून फिटिंगवाल्यांना उकलून पुन्हा बांधावं लागलं नाही.' हे सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी काय करायचं तेही कळतं.

शिवाय हर्झबर्गने ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट. चांगलं झालं तर माझ्यामुळे, वाईट झालं तर कंपनीमुळे, असं माणूस सांगणारच. ही टीकाही आता जुनी झाली.

आणि पैशाने फक्त वैताग जातो म्हणणाऱ्यांसाठी: सेफलाइट या गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या कंपनीने तासाच्या पगाराऐवजी नगावर पैसे द्यायला सुरुवात केली, त्यावर लझियर या अर्थतज्ज्ञाचा २००० सालचा पेपर आहे. माणशी काम ४४ टक्क्यांनी वाढलं.

आकडेमोड

४४ खरे, पण पुढचं वाक्यही सांगा. त्यातली साधारण निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्याची. बाकीची बरीचशी, चपळ माणसं कंपनीकडे आली आणि टिकली त्यामुळे. याला प्रेरणा म्हणायचं की भरती?

आणि नगावर पैसे तिथे का चालले? काच एक माणूस बसवतो, मोजता येते, आणि नीट बसली नाही तर कुणाची ते कळतं. दुरुस्ती त्यानेच, त्याच्या वेळात करायची. यातली एक अट जरी निसटली तरी दर्जा घसरतो. जिथे चौघांच्या हातून काम जातं तिथे तर विसराच. १९३१-३२ मध्ये अमेरिकेतल्या हॉथॉर्नच्या कारखान्यात वायरिंगच्या खोलीत १४ जणांचं निरीक्षण केलं होतं. गटाच्या उत्पादनावर पैसे मिळत असूनही त्यांनी आपसांत दिवसाची मर्यादा ठरवून घेतली होती, आणि जो पुढे पळेल त्याच्या दंडावर ठोसा बसायचा. जास्त काम दाखवलं तर दर कमी करतील, ही भीती.

पण मला खरी चीड येते ती चौथ्या मंत्राची. 'निनावी' सर्व्हे.

तिसरी_पाळी

+१. निनावी म्हणे, आणि लिंक येते ती प्रत्येकाला वेगळी. न भरणाऱ्याला तिसऱ्या दिवशी नावानिशी आठवण. मी भरला नाही हे ज्याला कळतं, त्याला मी काय भरलं ते कळत नाही, यावर विश्वास ठेवायचा? फ्लोअरवरचा शहाणा सगळीकडे पाचपैकी चारच देतो. पाच दिले तर लाळघोटेपणा, तीन दिले तर मीटिंग.

बाय द वे, शुक्रवारी चार वाजता खेळ. रात्रपाळी त्या वेळी झोपून उठत असते.

एचआरवाली

'निनावी' आणि 'गोपनीय' यात फरक आहे. वेगळी लिंक म्हणजे गोपनीय सर्व्हे. उत्तरं बाहेरच्या संस्थेकडे असतात, मॅनेजरला फक्त गटाचा आकडा दिसतो आणि पाचपेक्षा कमी उत्तरं आली तर तोही दिसत नाही. लिंक वेगळी ठेवतात कारण एकाच माणसाने दहा वेळा भरू नये, आणि विभाग, पाळी वगैरे त्याला पुन्हा विचारावं लागू नये. मेलमध्ये 'निनावी' लिहिणं चूक आहे, हे मान्य. पण दर वेळी कारस्थानच कशाला शोधायचं?

आकडेमोड

कारस्थान लागतच नाही, वजाबाकी पुरते. 'पाचपेक्षा कमी असेल तर दिसत नाही' हे कवच किती पातळ आहे ते बघा.

टीममधून ६ उत्तरं. 'माझे वरिष्ठ माझं ऐकतात' याची सरासरी ४.०. आता मॅनेजर डॅशबोर्डवर 'स्त्रिया' हा फिल्टर लावतो: ५ उत्तरं, सरासरी ४.२. दोन्ही गट पाच किंवा जास्त, म्हणून दोन्ही दिसतात. ६ गुणिले ४ म्हणजे २४. ५ गुणिले ४.२ म्हणजे २१. उरलेल्या एकट्या पुरुषाने ३ दिले. संपला निनावीपणा.

उपाय आहे, पण तो सॉफ्टवेअर घेणारा विचारत नाही. फिल्टर लावल्यावर बाहेर उरणारा गटही पाच किंवा जास्त असेल, तरच आकडा दाखवायचा. आणि एका वेळी एकच फिल्टर.

एचआरवाली

म्हणजे मॅनेजर कॅल्क्युलेटर घेऊन बसतात असं तुमचं म्हणणं? त्यांना दुसरे उद्योग नाहीत?

आकडेमोड

त्यांच्या बोनसचा भाग त्या आकड्यावर ठरत असेल तर बसतात. तुम्हीच बसवलंत त्यांना.

खडूस_सुपरवायझर

धागा प्रेरणेवर होता, सर्व्हेवर नाही, याची नम्र आठवण. पण विषय निघालाच आहे तर: आकडा बोनसला बांधला की सर्व्हेच्या आदल्या आठवड्यात मॅनेजर एकदम गोड होतात, रजा पटापट मंजूर, आणि मीटिंगच्या शेवटी 'आपली टीम कशी आहे ते वर कळू दे हं'. जे माप लक्ष्य बनतं ते माप म्हणून बाद होतं, हा गुडहार्टचा नियम तुमच्याही अभ्यासक्रमात असेलच.

आणि 'सकारात्मक उत्तरं ७५ टक्क्यांवरून ६७ वर, चिंताजनक' अशा स्लाइड! चार आणि पाच देणाऱ्यांना सकारात्मक धरतात. बारा जणांत एकाने चारऐवजी तीन दिले की आठ टक्के खाली. एका माणसाचा एक वाईट दिवस, आणि कृती आराखडा मागवतात.

तिसरी_पाळी

शेवटच्या चौकटीबद्दल कुणीच बोलत नाही. 'आणखी काही सांगायचंय?' तिथे 'कॉम्प्रेसरचा व्हॉल्व्ह तीन वेळा लिहून दिला' असं लिहिलं की नावाची गरज काय? रात्री कॉम्प्रेसर एकच जण बघतो. आकड्यांना पाचचं कवच, आणि शब्द जसेच्या तसे मॅनेजरच्या हातात.

एचआरवाली

हा मुद्दा बरोबर आहे. घ्या, मान्य केलं, फ्रेम करून लावा. मोकळ्या प्रतिक्रिया मॅनेजरला जशाच्या तशा देऊच नयेत. विषयवार सारांश द्यावा, आणि वाक्यं दाखवायचीच असतील तर गट मोठा हवा, दहा तरी.

आता नुसती नाकं मुरडण्यापेक्षा सर्व्हे कसा करायचा ते ऐका. प्रश्न १२ ते १५, त्याहून जास्त नकोत. ज्यावर काही करायची तयारी नाही तो प्रश्न विचारायचाच नाही. पगारवाढ होणार नसेल तर 'पगाराबद्दल समाधानी आहात का' हे विचारून जखमेवर मीठ कशाला? निकाल दोन-तीन आठवड्यांत टीमला दाखवायचा, वरच्यांच्या प्रेझेंटेशनची वाट बघत तीन महिने दाबून ठेवायचा नाही. टीमने स्वतः एक, फार तर दोन गोष्टी निवडायच्या. कोण करणार आणि कधीपर्यंत ते लिहायचं. साठ दिवसांनी उभ्या-उभ्या दहा मिनिटांचा आढावा. विचारून काही न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट, कारण पुढच्या वर्षी माणसं उत्तरच देत नाहीत किंवा सगळीकडे चार ठोकतात. तिसरी_पाळी म्हणतात तेच.

मधला_मॅनेजर

सगळे मॅनेजरला झोडताय म्हणून लिहितो. 'दर आठवड्याला विचारा' म्हणणं सोपं आहे. आठ जण असतील तर प्रत्येकाशी अर्धा तास म्हणजे चार तास, जमतं. अठरा असतील तर नऊ तास, म्हणजे एक अख्खा दिवस, तोही कुणी काही रद्द केलं नाही तर. आणि रद्द पहिलं हेच होतं. एका मॅनेजरखाली अठरा जण कोणी ठेवले, त्यावर तुमचे मंत्र गप्प.

अभिप्राय दिला की काम सुधारतंच, हाही भाबडेपणा. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले, तर एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायानंतर काम बिघडलं होतं. बोलणं कामावरून माणसावर घसरलं की असं होतं. 'या तक्त्यात तारखेचा रकाना चुकलाय' यावर दुरुस्ती होते. 'तू निष्काळजी आहेस' यावर भांडण.

खडूस_सुपरवायझर

अठरांचं गणित मान्य, माझ्या डोक्यात आठ-दहाच होते. मग दर आठवड्याचा हट्ट सोडा. पंधरा दिवसांतून एकदा, वीस मिनिटं, अठरांचे सहा तास, म्हणजे आठवड्याला तीन. विषय समोरच्याने आणायचा. कामाचा हिशेब त्या वीस मिनिटांत घ्यायचा नाही, त्याला वेगळी मीटिंग आहे. रद्द झालं तर त्याच आठवड्यात दुसरी वेळ द्यायची. दोनदा रद्द झालं की माणूस तिसऱ्यांदा काही आणत नाही.

एचआरवाली

अभिनंदन. तीन हात लांब धागा काढून शेवटी आमच्याच मॅन्युअलमधलं पान लिहिलंत.

खडूस_सुपरवायझर

मॅन्युअलमध्ये असेल. कालच्या सात मंत्रांत नव्हतं.

मधला_मॅनेजर

आणि चार जणांची टीम असेल तर? पाचचा नियम म्हणजे त्यांचा आकडा कधीच दिसणार नाही.

आकडेमोड

त्यांची उत्तरं वरच्या विभागात मिसळायची आणि त्या टीमला वेगळा आकडा द्यायचा नाही. तिथे सर्व्हेचा उपयोगच नाही. खुर्ची ओढून समोर बसा आणि विचारा.

तिसरी_पाळी

रात्री अडीचला खुर्ची ओढायला कोण येणार, तेवढं लिहा. सूचना मेलवर, टाळ्या दुपारी, खेळ चार वाजता. रात्रपाळीला प्रेरणा म्हणजे नोटीस बोर्डावरचा शिळा कागद.

एचआरवाली

यावर वाद घालणार नाही. मॅनेजरने महिन्यातून दोन रात्री पूर्ण पाळी करायची, नुसती फेरी मारून फोटो काढून जायचं नाही. पाळी बदलतानाची दहा मिनिटं दोन्ही पाळ्यांच्या पगारी वेळेत धरायची, म्हणजे अडलेलं काम तोंडी पुढे जातं. सर्व्हेसाठी मेल नसलेल्यांना फ्लोअरवर टॅब, तोही सुपरवायझरच्या टेबलावर नाही. आणि तुमच्या व्हॉल्व्हसमोर तीन ढिगांपैकी कुठला, ते लिहून मिळायला हवं.

तिसरी_पाळी

चौथ्यांदा लिहून देतो मग. या वेळी समोर तारीख हवी.