७१ टॉप्स : म्हणे "सरळ आठचे स्लॅब घ्या"

काळी कड

परवाच्या विंटेज बेसबॉल कार्डांच्या धाग्यावर स्लॅबशास्त्रींनी जाता जाता लिहिलं, "हाय-ग्रेड सेट करायचा तर सरळ पीएसए ८ घ्या. रॉ कार्डांच्या मागे लागणारे पैसेही घालवतात आणि डोळेही." तिथे अवांतर नको म्हणून वेगळा धागा काढतोय. (नव्यांसाठी: पीएसए ही कार्डांना १ ते १० ग्रेड देणारी कंपनी, स्लॅब म्हणजे तिने ग्रेडचं लेबल लावून प्लॅस्टिकच्या पेटीत बंद केलेलं कार्ड, रॉ म्हणजे ग्रेड न केलेलं सुटं कार्ड.)

हे इतर सेटना कदाचित चालेल, टॉप्स कंपनीच्या १९७१ च्या सेटला नाही. ७५२ कार्डं, चारी बाजूंनी काळी कड, आणि कारखान्यात शीट कापतानाच कडेवरचे कण उडालेले. या सेटमध्ये आठाआठांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आठला पुढच्या बाजूचं सेंटरिंग ६५/३५ चालतं. म्हणजे डावी कड २.६ मिमी आणि उजवी १.४ मिमी असली तरी लेबलवर आठच. पांढऱ्या कडेच्या सेटमध्ये डोळा ते सोडून देतो, काळ्या कडेत कार्ड हातभर अंतरावरून वाकडं दिसतं. उलट सेंटरिंग ५५/४५, रंग झकास, पण दोन कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, ते कार्ड सातमध्ये जातं. बाइंडरच्या पानात कोणतं शोभेल?

माझं म्हणणं एवढंच की कॉमन (साध्या खेळाडूंची) कार्डं रॉ घ्या आणि स्वतः निवडा. स्लॅब घ्यायचे ते नंबर ५ मन्सन, ४०० ॲरन, ५१३ रायन, ६०० मेज, ६३० क्लेमेंटे आणि ६४४ ते ७५२ ही शेवटची मालिका, एवढ्यांचेच. त्या मालिकेत कार्डं १०९ आणि शीटवर जागा १३२, त्यामुळे काही कार्डं जास्त वेळा छापली गेली आणि उरलेली 'एसपी' (शॉर्ट प्रिंट, कमी छापलेली) म्हणून महाग झाली. तिथे रॉ घेऊन फसण्यात अर्थ नाही.

अपग्रेड करताना ग्रेडच्या क्रमाने जाऊ नका. नऊ कार्डांचं पान टेबलावर ठेवा, हातभर मागे सरका, डोळा जिथे अडखळतो ते कार्ड आधी बदला. बहुतेक वेळा ते सगळ्यात कमी ग्रेडचं नसतं, सगळ्यात तिरकं असतं.

आणि पैसे. ग्रेडिंगचे कार्डामागे समजा २० डॉलर धरा. ७५२ गुणिले २० म्हणजे १५,०४०. टपाल आणि विमा वेगळा.

स्लॅबशास्त्री

माझ्या नावाने धागा काढल्याबद्दल आभार. आता हिशेब.

१५,०४० हा आकडा पाठवणाऱ्याच्या वहीतला आहे, विकत घेणाऱ्याच्या नाही. पहिल्या चार मालिकांमधलं कॉमन सातमध्ये आलं तर विकताना ग्रेडिंगची फीसुद्धा बऱ्याचदा निघत नाही. ते नुकसान पाठवणाऱ्याचं, फायदा माझा. तो २० देतो, मी त्याहून कमीत कार्डासकट स्लॅब उचलतो.

दुसरं, तुम्ही "स्वतः निवडा" म्हणता, पण निवडणार कशातून? विकायला आलेला 'एनएम' (निअर मिंट, जवळपास नवा) सेट म्हणजे मालकाने चांगली चाळीस-पन्नास कार्डं ग्रेडिंगला काढून घेतल्यावर उरलेला खोका. रॉ विक्रेत्याचं 'एनएम' पीएसएकडे पाच किंवा सहा होऊन परत येतं. काळ्या कडेत तर सहाच धरा.

तिसरं, बाइंडर. काळ्या कडेचं कार्ड कप्प्यात सरकवताना दर वेळी कोपरा प्लॅस्टिकला घासतो. तुम्ही अपग्रेड करत नाही, हळूहळू डाउनग्रेड करता.

नऊ कप्पे

बाइंडरबद्दल ऐकीव माहिती नको. आधी पेनी स्लीव्ह (पातळ प्लॅस्टिकचं पाकीट). स्लीव्हचं तोंड दोन बोटांनी दाबून फुगवायचं, कार्ड मधोमध सोडायचं, कडेला टेकवून ढकलायचं नाही. मग स्लीव्हसकट कप्प्यात. एका कप्प्यात एकच कार्ड, पाठीला पाठ लावून दोन कोंबायची नाहीत. ७५२ ला ८४ पानं लागतात, ती दोन बाइंडरांत वाटायची आणि बाइंडर डी-रिंगचाच घ्यायचा. गोल रिंगमध्ये आतली पानं वाकतात आणि रिंगेजवळच्या कार्डांना बाक येतो. पीव्हीसीची जुनी पानं दिसली की फेकून द्या, त्यांतलं तेलकट द्रव्य कार्डाच्या तकाकीला चिकटतं.

आणि स्लॅबची जाडी साधारण पाव इंच धरली तर ७५२ स्लॅबची रांग पंधरा फुटांच्या वर जाते. शुभेच्छा.

भिंगवाला

दोघांनीही मुख्य धोका सोडला. ७१ रॉ घेताना सेंटरिंग नंतर बघा, आधी मार्कर शोधा. उडालेल्या कणांवर काळा मार्कर टेकवणं हा या सेटचा जुना रोग आहे.

१. कार्ड आडवं धरून जाडीकडे बघा. कापलेली कड पुठ्ठ्याच्या रंगाची हवी. तिथे काळं झिरपलेलं दिसलं तर विषय संपला. छपाईची शाई पृष्ठभागावर बसते, मार्करची शाई पुठ्ठ्यात उतरते.
२. दिवा बाजूने, तिरका मारा. छपाईचा काळा एकसारखा चमकतो. मार्करचा ठिपका मंद दिसतो, किंवा त्यावर जांभळट झाक येते.
३. दहापट भिंगातून कोपरा बघा. रंग गेलेल्या जागी पुठ्ठ्याचे तंतू उसवलेले असतात. तंतू उसवलेले आणि तरी काळे, हे निसर्गात होत नाही.
४. यूव्ही टॉर्चखाली दोन शाया बहुधा वेगळ्या दिसतात. पण फक्त यूव्हीवर विसंबू नका.

मग माप. कार्ड अडीच बाय साडेतीन इंच हवं. पट्टीपेक्षा त्याच सेटची पाच खात्रीची कार्डं घेऊन गठ्ठ्यात उभं करा, आखूड कार्ड लगेच खाली बसतं. एखादीच कड इतरांपेक्षा गुळगुळीत आणि काळी रेघ तिथे आश्चर्यकारक स्वच्छ असेल तर ती कापलेली समजा.

विक्रेत्याच्या स्कॅनमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तिरक्या उजेडातला फोटो मागा. "वेळ नाही" म्हणाला तर तुम्हालाही नाही.

स्लॅबशास्त्री

भिंगवाल्यांनी माझीच बाजू मांडली. एवढे चार सोपस्कार प्रत्येक कॉमनला करायचे, यापेक्षा कुणीतरी आधीच केलेले विकत घेणं शहाणपणाचं नाही का?

काळी कड

"कुणीतरी" म्हणजे तेच ना, ज्यांनी सगळ्यात आधी टी२०६ वॅग्नरला (तंबाखूच्या पाकिटांतल्या जुन्या सेटमधल्या होनस वॅग्नरच्या प्रसिद्ध कार्डाला) आठ दिला? २०१३ साली लिलाववाल्या बिल मॅस्ट्रोने कोर्टात कबूल केलं की त्याने त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. लेबलवर आठ ते आठच राहिलं. लेबल हे मत आहे, पुरावा नाही.

रजिस्ट्री नंबर दोन

वॅग्नर कधी येतो याचीच वाट बघत होतो. प्रत्येक धाग्यात येतो.

मुद्दा असा की जुन्या लेबलचा आठ आणि आताचा आठ एक नाही. सर्टिफिकेट नंबरवरून स्लॅब साधारण कधीचा ते कळतं. जुन्यांमध्ये काही आठ आज सात होतील आणि काही साडेआठ, कारण अर्धा ग्रेड २००८ पर्यंत नव्हताच. म्हणून अपग्रेडसाठी जुनेच आठ चाळावेत. पीएसएच्या रजिस्ट्रीत (संग्राहकांच्या सेटांच्या क्रमवारीत) भारांक असतो, मन्सनची एक पायरी वीस कॉमनच्या एका पायरीपेक्षा जड पडू शकते. आणि 'ओसी' (ऑफ-सेंटर, असा दोष दाखवणारा क्वालिफायर) लिहिलेला नऊ स्वस्तात मिळाला म्हणून नाचू नका, क्वालिफायरचे दोन ग्रेड कापून तो सात धरला जातो. पॉप रिपोर्टही (कोणत्या ग्रेडची किती कार्डं आहेत त्याची यादी) मीठ टाकूनच वाचा. स्लॅब फोडून तेच कार्ड तीनदा पाठवलं आणि जुनी लेबलं परत केली नाहीत, तर एका कार्डाची तीन होतात.

नऊ कप्पे

भिंगवाले, एक विचारू? मार्कर पाप, कापणं पाप. मग पुढच्या बाजूला लागलेलं पाकिटाचं मेण नायलॉनच्या मोज्याने हलक्या हाताने पुसणं पुण्य का? तीही ढवळाढवळच.

भिंगवाला

मोजा कार्डावर काही ठेवत नाही आणि कार्डाचं काही नेत नाही, परकं मेण तेवढं उचलतो. पुढच्या बाजूला तकाकी आहे म्हणून ते निघतं. मागे कोरा पुठ्ठा आहे, त्यात मेण मुरतं, तिथे कितीही घासलं तरी डाग राहतो आणि 'एसटी' (डागाचा क्वालिफायर) लागतो. गोल गोल घासू नका, तकाकीवर वळ उठतात. एकाच दिशेने, तीन-चार वेळा, बस.

काळी कड

आणि पाण्यात बुडवणं? टी२०६ वाले वहीचा गोंद काढायला डिस्टिल्ड पाण्यात सर्रास बुडवतात. त्याला कुणी पाप म्हणत नाही.

भिंगवाला

तो जुना, विनातकाकीचा पुठ्ठा आहे. गोंद फुगतो, कार्ड आपसूक सुटतं, ब्लॉटिंग कागदात वजनाखाली सपाट वाळवतात. ७१ बुडवलं तर तकाकी मरते, आणि काळ्या कडेचे जे कण जेमतेम धरून होते तेही पाण्यात राहतात. करू नका.

स्लॅबशास्त्री

वा. मोजा चालतो, पाणी कधी चालतं कधी नाही, चमच्याने सुरकुती दाबलेलीही उद्या चालेल. रॉवाल्यांच्या नीतीची सीमारेषा नेमकी स्वतःच्या खोक्याजवळून जाते. शेवटी सगळे मार्करवालेच.

काळी कड

शब्द मागे घ्या. मार्करवाल्याचं गिऱ्हाईक कोण? काळ्या कडेवर आकड्याचा प्रीमियम मोजणारे तुम्ही. सातचा आठ करून विकण्यात पैसा आहे म्हणून मार्कर निघतो. पानात लावण्यासाठी कुणी कड रंगवत नाही.

नऊ कप्पे

चमच्याने कोण दाबतं म्हणाले? नाव घ्या.

स्लॅबशास्त्री

टोपी कुणाच्या डोक्यात बसली ते दिसलं. 'मार्करवाले सगळे' एवढं मागे घेतो. चमचा राहू दे.

भिंगवाला

चमच्याचंच सांगतो, कारण ते खरंच चालतं आणि पकडलं जात नाही असा समज आहे. दाबलेली सुरकुती कोरड्या हवेत दिसत नाही. तंतू तुटलेलेच असतात, हवा दमट झाली की फुगतात आणि रेघ परत वर येते. ग्रेडरकडे जाईपर्यंत उठली तर आठची आशा थेट चार-पाचवर.

दादर पश्चिम

दमट म्हणालात म्हणून विचारतो. पावसाळ्यात स्लॅब सुरक्षित ना? तो तर हवाबंद असतो.

नऊ कप्पे

नसतो. जोडाच्या फटीतून हवा जाते-येते. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, एक छोटा आर्द्रतामापक, काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरा. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल धरते. आणि जूनमध्ये रॉ कार्डांचा गठ्ठा रबरबँडने बांधू नका. जूनमध्येच का, कधीच नका.

दादर पश्चिम

धन्यवाद. बाकी भांडण चालू द्या.

काळी कड

मूळ विषयाकडे. रॉ चांगली मिळत नाहीत हा स्लॅबशास्त्रींचा मुद्दा 'एनएम सेट' नावाच्या खोक्यांबद्दल खरा आहे. तो घेऊच नये. शोधायची ती व्हेंडिंगमधली (मशीनमधून विकायला सुटी पाठवलेली) कार्डं. व्हेंडिंग बॉक्समध्ये ५०० कार्डं यायची, त्यांत ना मेण ना च्युइंगगम. गठ्ठ्याच्या टोकांची दबलेली असतात, मधली बरी निघतात. त्यामुळे सेट नको, एकाच मालिकेचे लॉट घ्या, १३३ ते २६३ किंवा २६४ ते ३९३ असे. एकाच नंबरची सहा-सात कार्डं असलेला लॉट दिसला की तो बहुधा बॉक्समधून थेट आलेला असतो. त्यातलं एक ठेवा, बाकीची विका.

रजिस्ट्री नंबर दोन

हे मान्य. पण पाठवायचं झालं तर टॉपलोडरमध्ये (कडक कव्हरात) नको, कार्ड सेव्हर १ मध्ये (लवचिक कव्हरात) पाठवा. आणि चेकलिस्ट कार्डांच्या चौकोनांत पेन्सिलची खूण नाही ना ते तिरक्या उजेडात बघा. खोडलेली खूणही 'एमके' (खुणेचा क्वालिफायर) मिळवते.

भिंगवाला

एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीचंही बोला कुणीतरी. त्यांच्या काळ्या चौकटीत ७१ सुरेख दिसतं, कारण कडेवरचं नुकसान चौकटीत हरवतं. विकत घेताना हेच उलटं. फोटो मोठा करून कड आणि चौकटीच्या मधली रेघ शोधा. सापडत नसेल तर कोपरे बघितलेच नाहीत असं समजा. क्रॉसओव्हरला (एका कंपनीच्या स्लॅबमधून दुसरीच्या स्लॅबमध्ये) पाठवताना किमान ग्रेड लिहा, नाहीतर सातचं सहा करून नवीन स्लॅबमध्ये घालून देतील.

स्लॅबशास्त्री

व्हेंडिंग लॉटचं ठीक आहे. मिळाला तर. पण नंबर १ चं काय? ओरिओल्सचं टीम कार्ड, पहिलं असल्याने प्रत्येक पोराच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर, रबरबँडखाली. ७५२ ड्रॅगो सगळ्यात खाली. व्हेंडिंगमध्ये शोधा आता.

काळी कड

७५२ शेवटच्या मालिकेत येतं, ते मी स्लॅबमध्येच धरलंय. नंबर १ चा मुद्दा बरोबर. तोही स्लॅब.

स्लॅबशास्त्री

१०९ अधिक तुमचे पाच अधिक एक. तुमच्याच हिशेबाने ११५ स्लॅब. अजून २६ ब्लायलेव्हन आणि ३४१ गार्वी यायचेत, दोघेही पदार्पणाची कार्डं.

काळी कड

गार्वी रॉच. उरलेल्या ६३७ मध्ये मोजा.