थेट एन-३ नको, आधी एन-५

नव्या वर्षात जपानी शून्यापासून सुरू करून डिसेंबरमध्ये जेएलपीटीची, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची, थेट एन-३ पातळी द्यायची, हा तुमचा संकल्प वाचला. यात एन-५ सगळ्यात सोपी, मग एन-४, मग एन-३. नोकरी सांभाळून हे फार ओढाताणीचं होईल, असं मला मनापासून वाटतं. परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, नाशिककरांना पुण्याचं केंद्र सोयीचं. जुलैला एन-५, डिसेंबरला एन-४ एवढंच ठेवा. तेही कमी नाही.

जानेवारीत फक्त हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ अक्षरं. काताकानातल्या 'शि' आणि 'त्सु'नी मला महिनाभर छळलं. सातपूरला जाताना बसमध्ये चौकटीच्या वहीत गिरवत बसायचे, तेव्हा कुठे कळलं: 'शि'चा लांब फराटा खालून वर जातो, 'त्सु'चा वरून खाली. एकदा हात बसला की डोळा चुकत नाही.

व्याकरणाला घाबरू नका. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'वाताशि वा नाशिकु नि सुन्दे इमासु', म्हणजे मी नाशिकला राहते. तो 'नि' म्हणजे आपला 'ला'च की! इंग्रजीतून अर्थ लावत बसण्यापेक्षा सरळ मराठीतून विचार करा, वाक्यं पटापट जुळतात. कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्रलिपीला, मात्र रोजचा अर्धा तास हवाच.

आणि हो, या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत. त्यामुळे बोलण्याचं ध्येय वेगळं लिहून ठेवा. मी दर रविवारी मैत्रिणीला फोनवर आठवड्याची हकीकत जपानीत सांगते, पाच मिनिटं. पहिल्या रविवारी दीड मिनिटातच शब्द संपले होते.