डॅशबोर्ड कापून टॅबलेट बसवू नका, निदान इंदुरात तरी

तिलकनगरवाला:
परवा इथे एका भावाने लिहिलं की घरात पडून असलेला दहा इंची टॅबलेट त्याने जुन्या वॅगन आरच्या डॅशबोर्डात बसवला. सियागंजातून वायर-फ्यूज आणले, एका रविवारात काम उरकलं, पंधरा हजार वाचले, 'सगळ्यांनी करून बघा'. स्वतःपुरतं लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो. 'सगळ्यांनी' म्हटलं म्हणून लिहितो.

हा उद्योग मी करून बसलोय. 2022 चा मे महिना, गाडी विजयनगरला ऑफिसच्या उघड्या पार्किंगमध्ये दिवसभर उन्हात. संध्याकाळी दार उघडलं तर स्क्रीन चौकटीतून वर उचललेली आणि मागची बॅटरी पुरीसारखी टम्म. ती बाहेर काढताना माझे हात कापत होते. त्याच गाडीतून रोज सकाळी मुलाला शाळेत सोडायचो.

बाहेर 40-42 अंश असले की बंद गाडीच्या डॅशबोर्डचा पत्रा-प्लास्टिक सहज 70 च्या वर जातं. टॅबलेटमधली लिथियमची बॅटरी 45 च्या पुढे चार्जच करायची नसते, आणि आपण चावी फिरवली की तिला लगेच चार्जिंग सुरू! गाडीसाठी बनवलेल्या स्टिरिओत बॅटरीच नसते, तो गाडीच्या 12 व्होल्टवर चालतो. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

शिवाय मापं बघा. डबल डिनचा, म्हणजे डॅशबोर्डातल्या मोठ्या स्टिरिओचा, खाचा 180 बाय 100 मिलिमीटरचा. सात इंची टॅबलेटसुद्धा काठासकट त्यात मावत नाही, दहा इंचीचं तर नावच नको. मग पॅनेल कापा, एसीची एक जाळी झाका, चारी इंडिकेटरचं बटण टॅबलेटच्या मागे ढकला. मानपूर सोडून घाट उतरताना पुढचा ट्रक अचानक थांबला आणि ते बटण सापडलं नाही, तर काय करणार?

रविवारचा_कारागीर:
तो भाऊ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

दोन उन्हाळे झाले, माझा टॅबलेट ठणठणीत आहे. कारण मी तो डॅशबोर्डात गाडलेला नाही. पॅनेलला फ्रेम लावली, फ्रेममध्ये चुंबक, उतरताना टॅबलेट काढून पिशवीत. तुमची चूक टॅबलेटची नव्हती, दिवसभर उन्हात सोडण्याची होती. वायरिंगही नीट केलंय. चावीबरोबर बंद होणाऱ्या वायरवरून लाइन, मध्ये फ्यूज, 12 चे 5 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. आधी इंजिनचा वेग वाढला की स्पीकरमधून शिटीसारखा आवाज यायचा. अर्थिंगचा घोळ होता, टॅबलेटचा आवाज स्टिरिओला नेणाऱ्या ऑक्सच्या वायरीत आयसोलेटर, म्हणजे अशी खरखर अडवणारी डबी, टाकल्यावर गेला.

आणि बाजारात स्वस्तात मिळणारे बिननावाचे अँड्रॉइड स्टिरिओ कुणी वापरलेत का? नकाशा उघडेपर्यंत पलासियाचा सिग्नल दोनदा सुटतो. नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा तर माझ्यासारख्याने कुठून आणायचे पैसे? माझी गाडी 2011 ची आहे.

एबी_रोड_नेहमीचा:
दोघंही बॅटरीवर भांडताय. माझा प्रश्न डोळ्यांचा आहे. ताशी 60 ने चाललेली गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. गाणं बदलायला दोन सेकंद खाली बघितलं की 33 मीटर डोळे मिटून गाडी चालवली. माझा मेहुणा बिजासन घाटात पुढचं गाणं शोधत होता. गाडी कठड्याला घासत गेली, बहिणीचं मनगट मोडलं. तेव्हापासून मी स्क्रीन लावलेल्या गाडीत चालकाच्या शेजारी बसलो की ती बंद करायला लावतो. लोकांना राग येतो, येऊ दे.

कायद्यालाही हे कळतं. ऑक्टोबर 2020 पासूनच्या नियमात हातातलं उपकरण फक्त रस्ता बघायला वापरता येतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. सिनेमा लावायला नाही. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्यांनीही 2026 पासून हॉर्न, वायपर, इंडिकेटर यांना खरी बटणं मागितली आहेत. आधी गाडीभर स्क्रीन करणाऱ्या काही कंपन्याही आता परत बटणं आणताहेत!

रविवारचा_कारागीर:
स्टिरिओचं बटण शोधायलाही खाली बघावंच लागतं ना? मेहुण्याचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण त्याने तसं सीडी बदलतानाही केलं असतं.

रामबागची_आजी:
तुमची व्होल्टं मला कळत नाहीत, पण धागा वाचून राहवलं नाही.

आमचं पुण्याला जाणं वर्षातून दोनदा. गाडीने बारा तास. पूर्वी तो बारा तासांचा वेळ माझा असायचा. खलघाटला नर्मदा आली की नातवंडांना नाणं टाकायला द्यायचं, सेंधव्यानंतर 'आता महाराष्ट्र कधी लागणार' म्हणून भांडण, शिरपूरजवळ तापी. भेंड्या व्हायच्या, त्यातून त्यांना कविता पाठ झाल्या. इंदुरात शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, मराठी फक्त माझ्याशी. मुलाने गाडीत टॅबलेट लावल्यापासून मागच्या सीटवर कार्टून आणि कानात इयरफोन. मागच्या दिवाळीत नर्मदा कधी गेली कळलंच नाही. नाणं माझ्या मुठीतच राहिलं. धाकटी आता मला 'दादीजी' म्हणते.

विजयनगरची_आई:
आजी, तुमचा मान ठेवून बोलते, पण हे मला लागलं. मराठी गेली ती टॅबलेटमुळे नाही. आमच्या घरी आजी-आजोबा नाहीत, नवरा मराठी नाही. गाडीच्या एफएमवर मला कधी मराठी सापडलं नाही. टॅबलेट लावला म्हणून शाळेच्या वाटेवर रोज वीस मिनिटं मराठी गोष्टी लागतात. फक्त आवाज, स्क्रीन काळी. मुलगी सहा वर्षांची आहे, 'आई, लाकूडतोड्या म्हणजे कोण' विचारते. हे मला रामबागेसारख्या जुन्या मराठी वस्तीतल्या कुणी दिलं नाही.

नारायणबाग_जुना:
बाई, रामबागेला कशाला ओढता? ज्या इंदुरात 1917, 1935 आणि 2001 असं तीनदा साहित्य संमेलन भरलं, तिथे मुलीला मराठी ऐकवायला यंत्र लागतं, हे दुखणं आहे. आमच्याकडे सभा आहेत, वाचनालयं आहेत. तुम्ही मुलीला घेऊन कधी आलात?

विजयनगरची_आई:
आले होते. एकदा नाही, तीनदा. हॉलमध्ये माझी मुलगी सोडून पन्नाशीखालचं कुणी नव्हतं, आणि ती हिंदीत बोलली म्हणून एका काकांनी सगळ्यांसमोर तिला टोकलं. त्यानंतर ती यायला तयार नाही. संमेलनांची सालं मला पाठ करून दाखवू नका. सहा वर्षांच्या पोरीला हसून दोन शब्द बोला.

रामबागची_आजी:
तिला टोकणाऱ्यांच्या वतीने मी माफी मागते. माझ्याकडे आण तिला. मी तिखटमिठाच्या पुऱ्या करीन आणि हिंदीत बोलली तरी काही म्हणणार नाही. पण गाडीतल्या कार्टूनवरचं माझं मत बदललेलं नाही.

नारायणबाग_जुना:
टोकायला नको होतं, मान्य. मीही तिथे असेन तर मला आठवत नाही. पण यंत्राने भाषा जगत नाही, हे मी म्हणत राहणार.

तिलकनगरवाला:
मूळ विषय साहित्य संमेलनापर्यंत गेला, तरी वाचून माझं थोडं मन बदललं. काळी स्क्रीन आणि गोष्टी, याला माझी हरकत नाही. मात्र त्यासाठी टॅबलेटही नको, साधा ब्लूटूथ स्टिरिओ पुरतो. तो उन्हात फुगत नाही.

कारागीर दादा, रोज काढून पिशवीत ठेवत असाल तर तुमच्या टॅबलेटवर माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या पोस्टमध्ये ते एका ओळीतही नव्हतं. वाचणारा तो स्क्रूने पक्का करून टाकेल आणि मेमध्ये विसरून जाईल, माझ्यासारखा.

रविवारचा_कारागीर:
तेवढी ओळ राहिली, हे खरं. पोस्टमध्ये वर मोठ्या अक्षरात टाकतो, 'उतरताना काढा'. 'सगळ्यांनी' हा शब्दही काढतो. चारी इंडिकेटरचं बटण माझ्या फ्रेमच्या खाली मोकळं आहे, फोटो टाकतो, बघून घ्या. डोळ्यांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. गाणं बायको बदलते, एवढंच सांगू शकतो.

एबी_रोड_नेहमीचा:
एकटे असता तेव्हा?

रविवारचा_कारागीर:
एकटा असतो तेव्हा बदलतो मीच. राऊला टोलवर थांबल्यावर बदलेन यापुढे.

विजयनगरची_आई:
आजी, शनिवारी चारला येऊ का?