स्प्रिंग कॉम्प्रेसर हातात घेऊन बघूनच घ्या

गाडीच्या सस्पेन्शनची स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर मुंबईत दुकानात मिळत नाही, ऑनलाइनच मागवावा लागतो, असं सस्पेन्शनच्या हत्यारांवरच्या एका पोस्टमध्ये म्हटलंय. मला ते पटत नाही. क्रॉफर्ड मार्केटपासून चालत नागदेवी स्ट्रीटला जा, हत्यारांची दुकानं ओळीने आहेत. मी तिथूनच घेतला. आधी ऑनलाइन मागवलेल्या जोडीचा एक हुक पहिल्याच वापरात उघडू लागला होता. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, त्यामुळे इथे शंभर-दोनशे रुपये वाचवायला जाऊ नका. दुकानात आटे बोटाने फिरवून बघा, हुकाची जाडी बघा, स्प्रिंग घसरू नये म्हणून लावलेली पिन आहे का तेही बघा. वापरताना आट्यांना ग्रीस लावा, दोन्ही हुक समोरासमोर ठेवा आणि दोन्हीकडे थोडं थोडं आळीपाळीने पान्याने आवळा. इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) नकोच. स्प्रिंग वरच्या बैठकीत सैल झाल्याशिवाय स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेल्या भागाच्या) मधल्या नटला हात लावू नका.

बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल सांधा) सोडवायला त्याच पोस्टमध्ये दुतोंडी फोर्क सुचवलाय, पण त्याने सांध्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटतो. जुना जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तर ठीक, नाहीतर स्क्रूने दाब देऊन सांधा सोडवणारा पुलर घ्या. आणि एक राहिलंच: लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुशवाले बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना पूर्ण घट्ट आवळू नका. चाकांवर वजन आल्यावर आवळा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात. माझे तसेच गेले.