मदत हवी आहे : .३०८ रायफलच्या पुंगळ्यांची (काडतुसांच्या रिकाम्या पितळी कवचांची) तयारी प्रेसवरून एका फेरीत की दोन फेऱ्यांत?

नमस्कार. कोल्हापुरात रायफल म्हटली की स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ चे पॅरिसमधील कांस्यपदक आठवते, मात्र त्या .२२ च्या काडतुसात पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच असल्याने ती पुंगळी पुन्हा भरत नाहीत. माझा प्रश्न बुडाच्या मध्यभागी प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) असलेल्या .३०८ च्या पितळी पुंगळीविषयी आहे.

टेक्सासमध्ये स्थायिक झालेले माझे मेहुणे तिथे प्रोग्रेसिव्ह प्रेसवर (दांडा ओढला की पुंगळी एका स्थानकावरून पुढच्या स्थानकावर नेणारे यंत्र) काडतुसे भरतात आणि मी उद्यमनगरात लेथ चालवतो म्हणून शंका मलाच विचारतात. वापरलेली पुंगळी सायझिंग डायमधून (तिला दाबून मूळ मापात आणणाऱ्या साच्यातून) काढली की तिची लांबी वाढते. कमाल मर्यादा ५१.१८ मिमी, छाटायची लांबी ५०.९३ मिमी आणि त्यांच्या काही पुंगळ्या ५१.३ पर्यंत गेल्या आहेत. म्हणजे छाटणी सायझिंगनंतरच हवी आणि डायसाठी लावलेले वंगणही दारू भरण्याआधी पुसले गेले पाहिजे. म्हणून पहिल्या फेरीत सायझिंग, मग छाटणी, तोंडाची धार मोडणे व टम्बलरमध्ये (पुंगळ्या घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) सफाई, आणि दुसऱ्या फेरीत प्रायमर, दारू व गोळी, असा क्रम मला योग्य वाटतो.

अनुभवी मंडळींनी दोन गोष्टी सांगाव्यात. सफाईतील अक्रोडाच्या कवचाचा कण ज्वालाछिद्रात (प्रायमरची ज्वाला दारूपर्यंत नेणाऱ्या छिद्रात) अडकू नये म्हणून दुसऱ्या फेरीतही पहिल्या स्थानकावर फक्त प्रायमर काढणारी पिन ठेवावी का? आणि लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती दाबलेली कड कापून काढावी की दाबून मागे सारावी? कापताना प्रायमर बसायची खाच मोठी होण्याची भीती असल्याने माझा कल दाबण्याकडे आहे.